डिझेल इंजिनांच्या शेजारी रोमन शिल्पे: चेंत्राले मोन्तेमार्तिनी, रोम

गर्दीच्या संग्रहालयांना पर्याय म्हणून ही जागा सुचवली जाते, पण तेवढ्यावर तिची बोळवण करू नये. १९१२ साली सुरू झालेले हे रोमचे पहिले सार्वजनिक वीजघर १९६३ मध्ये बंद झाले. शहराच्या कॅपिटोलाइन संग्रहालयांची दुरुस्ती निघाली तेव्हा, १९९७ मध्ये, तिथली शिल्पे तात्पुरती इथे हलवली आणि पुढे त्यांतली बरीच इथेच राहिली. १८७० नंतर रोम राजधानी म्हणून वाढू लागले, तेव्हाच्या खोदकामांत यांतली पुष्कळ सापडली. शहर वाढले म्हणून वीजघर लागले, शहर वाढले म्हणूनच मूर्ती वर आल्या. त्यामुळे हा शेजार उपरा वाटत नाही.

सुरुवात तळमजल्यावरच्या स्तंभ-दालनापासून करा. 'टोगातो बारबेरिनी' म्हणजे दोन पूर्वजांचे अर्धपुतळे धरून उभा असलेला, टोगा हे रोमन वस्त्र पांघरलेला पुरुष. त्याचे डोके प्राचीन आहे, पण मूळचे नाही. दुसऱ्या पुतळ्याचे आणून बसवले आहे.

वरच्या यंत्र-दालनात ७५०० अश्वशक्तीची फ्रांको तोसी कंपनीची दोन डिझेल इंजिने आहेत. पाहणारे त्यांच्यातच अडकतात आणि टोकाच्या शिल्पांना पाच मिनिटे उरतात. तसे करू नका. अपोलो सोसियानसच्या मंदिराच्या दर्शनी त्रिकोणातली ग्रीक आणि अ‍ॅमेझॉन (पुराणकथेतल्या योद्ध्या स्त्रिया) यांच्या युद्धाची शिल्पे इ. स. पू. पाचव्या शतकातली, मुळात ग्रीक. रोमनांनी ती आणून आपल्या मंदिरावर चढवली. फोर्तुना देवीचे प्रचंड डोके, हात आणि पावले एवढेच का उरले, तेही नीट समजून घ्या: उघडे अवयव संगमरवरी होते, वस्त्रांकित धड वेगळ्या साहित्याचे, ते टिकले नाही. पांढऱ्या दगडाची सवय झालेल्या डोळ्यांना गडद बॅसनाइट दगडातली अग्रिप्पिना (सम्राट नीरोची आई) थबकवते. तिचे मूळ डोके कोपनहेगनला आहे, इथे त्याची साच्यातून काढलेली प्रतिकृती बसवली आहे.

बाष्पक-दालनातली (बॉयलरच्या खोलीतली) काव्यदेवी पॉलिहिम्निया आणि शिकारीचे भव्य मोझेक यांसाठी अर्धा तास राखून ठेवा. पोप नववे पायस यांच्या रेल्वेचे डबेही संग्रहालयात आहेत. ते घाईत पाहिले तरी चालतील.

एकूण अडीच तास लागतात. सोमवारी बंद, इतर दिवशी ९ ते ७, तरी निघण्याआधी वेळ तपासा. मेट्रोच्या बी मार्गावर गार्बातेल्ला स्थानकात उतरा आणि व्हिया ओस्तिएन्सेच्या बाजूने बाहेर पडा. गार्बातेल्लाची वस्ती रुळांच्या दुसऱ्या बाजूला आहे. मोठ्या खिडक्यांमुळे, खिडकीकडे तोंड करून काढलेल्या फोटोत मूर्ती काळवंडते. पाठ खिडकीकडे ठेवा.