तालुक्याच्या टॉकीजमधला सुपरहिरो: तिकीट कधी वसूल होतं, कधी बुडतं

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ या हॉलिवूडच्या सुपरहिरो सिनेमाचा जगभरातला गल्ला सुमारे २८० कोटी डॉलर. भारतात कर वजा जाता साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर. चाहत्यांचं भांडण कुठूनही सुरू झालं तरी येऊन थांबतं अशाच आकड्यांवर, ज्याचा गल्ला मोठा तो सिनेमा मोठा. विदर्भातल्या तालुक्याच्या एकपडदा टॉकीजमध्ये हिंदी डब पाहणाऱ्याला हा हिशेब उपयोगाचा नाही.

सिनेमाच्या धंद्यात आपला भाग मुंबईच्या सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात, येत नाही, तो सीपी-बेरारमध्ये (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) मोजतात. अमरावती हे त्याचं जुनं ठाणं. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. म्हणजे १०० च्या तिकिटातून कर जाऊन ९५ रुपये उरतात आणि मॉलमधल्या ३०० च्या तिकिटातून २५४. तिथे तिघं बसले की जेवढा गल्ला होतो, तेवढ्यासाठी आपल्याकडे आठ माणसं लागतात. आठ जणांच्या शिट्ट्या आकड्यात तिघांच्या बरोबरीने धरल्या जातात. म्हणून ‘अमुक सिनेमा खेड्यात चालला नाही’ हे गल्ला पाहून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. विकलेली तिकिटं किती, ते विचारावं.

आपल्याकडे चालतो तो सिनेमा, ज्याची ओळख आधी टीव्हीवर झालेली असते. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा महाराष्ट्रात निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती. तरीही तो लागू पडला, कारण तिन्ही स्पायडर-मॅन पोट्ट्यांना हिंदीतून पाठ होते. ‘द मार्व्हल्स’ला नेमकी हीच शिदोरी नव्हती. त्यातल्या दोन नायिका आधी ओटीटीवरच्या मालिकांतून पुढे आलेल्या. त्या मालिका न पाहिलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात हरवतो. शिवाय तो आला १० नोव्हेंबर २०२३ ला, आणि १२ ला ‘टायगर ३’. एकच पडदा असलेला मालक ऐन दिवाळीत दोन दिवसांसाठी तो कशाला लावेल? जगभरातही तो मार्व्हल स्टुडिओचा सर्वांत कमी कमाईचा सिनेमा ठरला.

हंगामाचा भाग मोठा आहे. एप्रिलअखेर गहू-हरभरा घरात आलेला असतो, परीक्षा संपत आलेल्या असतात. ‘एंडगेम’ २६ एप्रिललाच आला होता. जुलैत पैसा बी-खतात अडकलेला आणि माणसं निंदण-डवरणीत. २०२५ चा ‘सुपरमॅन’ ११ जुलैला आला, ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ २६ जुलै २०२४ ला. त्यातही ‘डेडपूल’ला ‘ए’ प्रमाणपत्र, म्हणजे पोरं घेऊन येणारं कुटुंब दारातूनच परत. जगात त्याने सुमारे १३४ कोटी डॉलर कमावले म्हणून तो आपल्या टॉकीजचा सिनेमा होत नाही.

आता टॉकीजकडे. सर्वांत जास्त पैसे बुडतात ते अंधाऱ्या पडद्यामुळे. साध्या टूडी खेळासाठी पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) उजेड हवा. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा महाग, त्यामुळे तो मुदत उलटून गेली तरी चालवतात किंवा करंट कमी ठेवतात. गाण्या-नाचाच्या सिनेमात हे खपून जातं. ‘द बॅटमॅन’सारखा जवळजवळ तीन तास रात्रीतच घडणारा सिनेमा मात्र कोळशासारखा दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दाखवतात, तो कागद पांढरा असतो. तो चहाच्या रंगाचा किंवा कोपऱ्यांत काळसर दिसला, तर दिवा थकलाय. अशा ठिकाणी थ्रीडी मुळीच घेऊ नये. चष्म्यातून उरतो तो उजेड फारच थोडा.

आवाजाचं दुसरं दुखणं. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो बसलेला असेल तर संगीत कानठळ्या बसवतं आणि डब केलेलं वाक्य मात्र कळत नाही. उन्हाळ्यात बाजूचे मोठे कूलर सुरू झाले की भर पडते. आवाजाच्या प्रोसेसरवर ठरलेला आकडा ७ असतो, बहुतेक ठिकाणी तो ४-५ वर ठेवतात. मध्यंतरात ऑपरेटरला अर्धा अंक वाढवायला सांगितलं तर तो वाढवतो, फक्त नीट सांगावं लागतं. बाल्कनीखाली येणाऱ्या रांगा टाळाव्यात, वरच्या छतामुळे तिथे आवाज घुमतो. पडद्यापासून दोनतृतीयांश अंतरावर, मधोमध, कूलरपासून लांब बसावं.

शुक्रवारचा पहिला खेळ धरू नये. सिनेमा हार्डडिस्कवर आधी येऊन पडलेला असतो, पण तो उघडणारी डिजिटल चावी त्या एका सर्व्हरपुरती आणि ठराविक वेळेपुरतीच असते. ती उशिरा आली किंवा सर्व्हर बदललेला असला, तर पडदा काळाच राहतो. संध्याकाळपर्यंत निस्तरतं. लाइट गेल्यावर काय होतं, हेही खिडकीवरच विचारावं: सर्व्हरला यूपीएस असेल तर जनरेटर लागेपर्यंत तो जागा राहतो आणि गाडी लवकर रुळावर येते, नसेल तर सगळं नव्याने सुरू होईपर्यंत बराच वेळ जातो.

भाषेबद्दल एक खंत आहे. २०२३ चा ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती. पण एकाच पडद्यावर मालक हिंदीच लावतो, कारण ती सगळ्यांना चालते. मराठी खेळ हवा असेल तर बुधवारपर्यंत मालकाला सांगावं, आणि वीस-पंचवीस जणांनी मिळून सांगावं. शनिवार-रविवारी सकाळचा एखादा खेळ तरी मिळायला हवा.

इंग्रजी सिनेमात मध्यंतर नसतंच, ते इथे घालतात, आणि कधी ऐन मारामारीत. त्यावर इलाज नाही. श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यावर मात्र आहे. नावं सात-आठ मिनिटं चालतात, पुढच्या खेळाची घाई असते, म्हणून ती सुरू होताच दिवे लावून सिनेमा बंद करतात. ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये शेवटचं दृश्य अगदी नावं संपल्यावर होतं; ‘एंडगेम’मध्ये असं दृश्यच नव्हतं. शेवटचं दृश्य दाखवणार का, हे मध्यंतरातच ऑपरेटरला विचारून ठेवावं, आणि तीन तासांचा सिनेमा सहाच्या खेळाला धरला तर तो साडेनऊच्या आसपास सुटतो हे शेवटच्या एसटीच्या वेळेशी आधीच पडताळून घ्यावं.