मुंबई हायकोर्टाचा हेरिटेज वॉक: ४६ नंबरच्या कोर्टरूमसाठी तरी कराच

ओव्हल मैदानाकडून ही बिल्डिंग सगळ्यांनीच पाहिलीय, पण कोर्टात केस नसेल तर आत जातंय कोण! शनिवार-रविवारी कोर्ट बंद असताना गाइड घेऊन आतून दाखवतात, आवर्जून जा.

कर्नल फुलरचं डिझाइन, १८७१ ला काम सुरू, १८७८ ला पूर्ण, ५६२ फूट लांब. खर्च आला १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमीच, सरकारी काम असून! वर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. खांबांवरचं कोरीवकाम मात्र जवळ जाऊन बघा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू धरून बसलंय आणि एका कोल्ह्याच्या गळ्यात वकिलाचे बँड्स आहेत. कोर्टात केस हरलेल्या कंत्राटदाराने राग असा काढला अशी दंतकथा सांगतात.

पण खरं जायचं ते ४६ नंबरसाठी. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो इथेच. ज्युरीत ७ युरोपियन आणि २ पारशी, निकालही ७ विरुद्ध २ असाच लागला. आणि जज कोण तर दिनशा दावर, ज्यांनी १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता! २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा सुनावली, दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस, आणि त्याच दिवसापासून गिरणी कामगारांनी संप केला तो सहा दिवस, वर्षाला एक दिवस. ज्युरी काहीही म्हणो मी निर्दोष आहे, हे टिळकांचं म्हणणं बाहेर संगमरवरावर कोरलंय, १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागलांनी त्याचं अनावरण केलं. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने ते शब्द भिंतीवर लावले, मला तरी तिथून पाय निघेना.

तक्रार एकच, आमचा ग्रुप फार मोठा होता, मागच्यांना धड ऐकू येत नव्हतं आणि नेमकं ४६ नंबरलाच घाई झाली. तेवढ्यासाठी एक स्टार कमी, ४/५.

मराठी बॅच मिळत असेल तर तीच घ्या. मुलांना नेणार असाल तर टिळकांचा धडा झालेली असू देत, बाहेरचा फलक त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा.