स्थलांतरितांच्या डोळ्यांची दूरस्थ तपासणी: कॅमेरा कोणता, फोटो वाचणार कोण?

मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडू लागतो तेव्हा नजर बहुधा शाबूत असते. म्हणून टाइप २ चे निदान होताच पडद्याचा फोटो काढायचा आणि पुढे साधारण दरवर्षी. कामामागे मुक्काम हलवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न वेगळाच: अहवाल येईपर्यंत माणूस तिथे असेल का? निवड त्यावरून करावी.

टेबलावरच्या कॅमेऱ्याला हनुवटी टेकवायची सोय असते. फोटो स्थिर, एका फोटोत ४५ अंशांचा भाग, आणि नवखा तंत्रज्ञही लवकर शिकतो. त्याला वीज आणि अंधारी खोली मात्र हवी. हातातला कॅमेरा थेट वस्तीवर नेता येतो, पण हात हलला की फोटो धूसर आणि कोन चुकला की कडेला काळी सावली. बाहुली लहान असेल तर दोन्ही अडतात, हातातला जास्त. फ्लॅशने दुसऱ्या डोळ्याचीही बाहुली आकसते, म्हणून मध्ये काही मिनिटे थांबावे. घाई केली की दुसऱ्याच डोळ्याचे फोटो वाया जातात. प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो घ्यावेत, एक मॅक्युलावर (पडद्याचा तीक्ष्ण नजरेचा मधला भाग) आणि एक दृष्टिचकतीवर (जिथून डोळ्याची नस बाहेर पडते) केंद्रित.

ट्रॉपिकामाइडच्या थेंबांनी बाहुली १५-२० मिनिटांत मोठी होते, पण नंतर काही तास जवळचे धूसर दिसते. गाडी चालवणाऱ्याला किंवा उंचावर काम करणाऱ्याला सकाळी थेंब घालू नयेत. तपासणी संध्याकाळी ठेवली तर मजुरी बुडत नाही आणि अंधारही आयता मिळतो.

फोटो वाचणारा तज्ज्ञ काचबिंदूची शंकाही टिपतो, पण त्याचा अहवाल बऱ्याचदा काही दिवसांनी येतो. सॉफ्टवेअर जागेवर उत्तर देते, शिकवलेल्या आजारापुरतेच. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळालेल्या पहिल्या स्वयंचलित प्रणालीची चाचणीतली संवेदनशीलता (आजार असलेल्यांना अचूक ओळखणे) ८७ टक्के होती, विशिष्टता (आजार नसलेल्यांना अचूक वगळणे) ९० टक्के. थायलंडच्या आरोग्य केंद्रांत अशाच एका सॉफ्टवेअरने १८३८ पैकी सुमारे २१ टक्के फोटो नाकारले. मंद प्रकाश हे एक मोठे कारण. इंटरनेट रडतखडत चालत असेल तर नेटविना चालणारेच घ्यावे.

मॅक्युलाची सूज साध्या फोटोत नीट मोजता येत नाही, त्यासाठी ओसीटी, म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांची जाडी दाखवणारी तपासणी, लागते. इथे तज्ज्ञ आणि सॉफ्टवेअर दोन्ही सारखेच लंगडे.

मुक्काम महिनाभर टिकणार असेल तर टेबलावरचा कॅमेरा आणि तज्ज्ञ. एका संध्याकाळची गाठ असेल तर हातातला कॅमेरा आणि सॉफ्टवेअर, मात्र न वाचता आलेला फोटो 'दोष नाही' न धरता त्या व्यक्तीला सरळ नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. चिठ्ठी पुढच्या मुक्कामाजवळच्या दवाखान्याच्या नावाने, त्या व्यक्तीला वाचता येईल अशा भाषेत द्यावी आणि घरच्या कुणाचा तरी नंबर नोंदवावा. तिचा स्वतःचा बदललेला असू शकतो.