आखाडात आजारी, श्रावणात ठणठणीत : सरकारी जनावरांच्या दवाखान्यात आमची बाजरी

पाचपैकी चार स्टार. पाचवा कुठे गेला ते ओघात येईलच.

आधी पेशंटची ओळख. नाव बाजरी, वय अंदाजे 4 वर्षं, मादी. रंग मुळातला काळा, पण राहते पिठाच्या गिरणीत, म्हणून बारा महिने भुरी दिसते. गिरणी माझी, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. धान्य आलं की उंदीर आले, आणि उंदरांसाठी बाजरी आली. पगार म्हणून दोन वेळा दूध-भाकर. एवढाच करार होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती मध्येच आजारी पडायला लागली. म्हणजे कशी, तर दोन दिवस अन्नाला तोंड लावायची नाही. एरवी गिरणीचा पट्टा सुरू झाला की दादर ज्वारीच्या पोत्यांवर उडी मारणारी मांजर, आजारी असली की पट्टा कानाशी खडखडला तरी जागची हलायची नाही. एकदा शू अगदी कोऱ्या चहासारखी. आठ-दहा दिवसांत आपोआप सावरायची, मग दोन-तीन आठवडे काही नाही, आणि पुन्हा तेच. ताप नाही, उलटी क्वचित, जखम नाही. शेजारपाजारच्यांचं निदान तयार होतं : दृष्ट, उष्णता, पाल खाल्ली.

शहरातल्या एका खासगी दवाखान्यात तीन वेळा नेली. माणसं वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पण एसटीनं जाऊन नंबर लागेपर्यंत तिचा वाईट दिवस उलटून गेलेला असायचा. सलाइन, दोन इंजेक्शनं, ‘इन्फेक्शन दिसतंय’, आणि दोन दिवसांत बरी. औषधाला गुण आला असं मला वाटायचं, त्यांनाही वाटत असणार. तीन फेऱ्यांचे 3,850 रुपये झाले. मला एका किलोच्या दळणाचे 6 रुपये मिळतात. म्हणजे साधारण साडेसहाशे किलो दळण मांजरीवर गेलं, तेही लाइट बिल न धरता. चौथ्या वेळी सोनोग्राफी आणि बाहेरच्या लॅबच्या सगळ्या तपासण्या सांगितल्या, सहा-सात हजारांचा अंदाज. पुण्याहून मुलगा म्हणाला, “मम्मी, मी पाठवतो ना.” त्याचा स्वतःचा गाडीचा हप्ता चालू आहे. नको म्हटलं.

आणि दसऱ्यानंतर ती पुन्हा पडली, तेव्हा चालत दहा मिनिटांवरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले.

तिथे मांजर नेतात हेच मला माहीत नव्हतं. गावात त्याला ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात. पत्र्याची शेड, पुढे लोखंडी खोडा, भिंतीवर लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची पोस्टरं. बाजरीसाठी पिंजरा नव्हता. ऑनलाइन 1,200 ला दाखवत होते. मी केळीचे दोन प्लास्टिकचे क्रेट एकावर एक पालथे घालून नायलॉनच्या दोरीनं बांधले. आमच्या जिल्ह्यात क्रेट मागायची लाज वाटायचं कारण नाही. हवा खेळती राहते, धुता येतो. फक्त आत गोधडीचा तुकडा टाका, नाहीतर पाय फटीत अडकतात.

रांगेत माझ्यापुढे एक आबा बैल घेऊन उभे होते. क्रेटमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाले, “मांजरले दवाखाना! आमना घर पाच मांजरी शेतस, एकले बी सुई नही टोचनी.” बैलानं फुरफुर केली तशी बाजरी क्रेटच्या तळाशी चपटी झाली. हा या दवाखान्याचा पहिला दोष. लहान जनावराला वेगळी बसायची जागा नाही, बाकही नाही. आजारी मांजरीला बैल, कुत्रा आणि शेळी एकाच दमात बघावी लागते.

केस पेपर 10 रुपये. डॉक्टरसाहेब तरुण, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नुकतेच कुठल्यातरी म्हशीचं बघून आलेले. मला वाटलं, मांजर बघून हसतील. त्यांनी हात धुतले, बाजरीचा ओठ अंगठ्यानं वर केला आणि म्हणाले, “ताई, ही हिरडी बघा. आणि आता तुमच्या बोटाचं नख बघा.” हिरडी कागदासारखी पांढरी होती. सहा महिने मी तिच्या डोळ्यांत बघत होते, शेपटी बघत होते, हिरडी मात्र कधी बघितली नव्हती.

त्यांच्याकडे रक्त तपासायचं यंत्र नाही. एक्स-रे नाही, सोनोग्राफी तर दूरच. बारीक सुईसुद्धा समोरच्या मेडिकलमधून मलाच आणावी लागली, 15 रुपये. त्यांनी रक्त काढून बाटली माझ्या हातात दिली आणि गावातल्या माणसांच्या लॅबमध्ये पाठवलं. लॅबवाल्यानं विचारलं, “पेशंटचं नाव?” म्हटलं, बाजरी. “वय?” चार. त्यानं वर बघितलंही नाही. संध्याकाळी रिपोर्ट आला, त्यावर जवळजवळ प्रत्येक आकड्यापुढे लाल खूण. मी घाबरले. डॉक्टरांनी पेनानं अर्धा रिपोर्ट खोडला. माणसांच्या यंत्राला मांजरीच्या तांबड्या पेशी फार लहान वाटतात, त्यामुळे त्या आणि प्लेटलेट यांची गल्लत होते. प्लेटलेटचा आकडा बघूच नका म्हणाले. हिमोग्लोबिन मात्र बघण्यासारखं होतं : 6.4. मांजरीला साधारण 8 ते 15 हवं.

रक्त कमी आहे हे कळलं. का कमी, ते नाही. त्यांनी सरळ सांगितलं, “आज मला कारण माहीत नाही. गोचीड-पिसवांमधून रक्तात जंतू जातात, ते असू शकतं. दुसरंही असू शकतं. सात हजारांच्या तपासण्या आज करायच्या, की पंधरा दिवस मला माहिती आणून द्यायची?” असं विचारणारा डॉक्टर मला तरी पहिल्यांदा भेटला.

माहिती म्हणजे वही. रोज वजन, काय खाल्लं, शू कशी, हिरडीचा रंग, आणि झोपलेली असताना मिनिटाला श्वास किती. निवांत झोपलेल्या मांजरीचे श्वास तिसाच्या आत असायला हवेत, सतत त्यावर गेले तर थांबू नका, या म्हणाले. वजनाची अडचणच नव्हती. दळणाच्या डब्यात बसवलं, काट्यावर ठेवलं, डब्याचं वजन वजा. पहिल्या दिवशी 2 किलो 660. गिऱ्हाइकं म्हणायची, मांजर दळायला टाकली का?

वेगळी वही कशाला, म्हणून उधारीच्या वहीत मागच्या बाजूनं लिहायला लागले. हीच गोष्ट पुढे कामाला आली.

त्याच दिवशी त्यांनी जंतूंच्या संशयावरून 21 दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. डोस इथे लिहीत नाही, तो वजनावर ठरतो आणि तुमच्या मांजरीचं वजन मला माहीत नाही. पण एक गोष्ट लिहिते, कारण शहरात ती मला कोणी सांगितली नव्हती. ही गोळी कोरडी दिली तर मांजरीच्या अन्ननलिकेत चिकटून बसते आणि तिथे जखम करते. गोळीच्या मागोमाग पाणी गेलंच पाहिजे. मी बिनसुईच्या सिरिंजनं गालातून थोडं थोडं पाजायचे. माझ्या मनगटावर अजून दोन रेघा आहेत. शेजारच्या आक्कांनी तापाची लहान मुलांची पातळ औषधाची बाटली आणून दिली होती, तीही मी दाखवली. डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा चढला. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, थोडंसंही. तिच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही आणि रक्ताचं वाटोळं होतं. बाटली त्यांनी परत दिली नाही.

दुसऱ्या खेपेला गेले तर दवाखान्याला कुलूप. साहेब लसीकरणाला खेड्यात. तिसऱ्या दिवशीही तेच. माझा पाचवा स्टार इथे गेला. अर्थात 2022 मध्ये लम्पी आली तेव्हा हीच माणसं गोठ्या-गोठ्यांत हिंडत होती आणि माझ्या भावाची गाय त्यामुळेच वाचली, म्हणून मनातून राग फार धरवत नाही. पण कुलुपावर एक चिठ्ठी लावायला काय जातं?

चौथ्या दिवशी भेटले. वहीतली माझी टिपणं वाचता वाचता त्यांनी विचारलं, आधी कधी-कधी आजारी पडली होती, आठवतं का? मी सांगत गेले. ज्येष्ठात एकदा. आखाडात दोनदा, ते तर जबर. मग श्रावणात एकदाही नाही. माझ्या सासूबाई तेव्हा कौतुकानं म्हणायच्या, “सरावन पायस हाई मांजर.” म्हणजे, श्रावण पाळते ही मांजर. हे मी हसत हसत सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. “आणि नवरात्रात?” नवरात्रात ठीक होती. दसऱ्यानंतर पडली.

“ताई, तुमच्या आसपास मटण कोण शिजवतं?”

आमच्या गिरणीला लागून खानावळ आहे. मटण-भाकरीची ऑर्डर असली की तिथल्या मावशी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र, दळण माझ्याकडे टाकतात. आणि ते उधारीवर असतं. मी वही उलटी केली. पुढच्या बाजूला खानावळीच्या कळण्याच्या तारखा, मागच्या बाजूला आणि माझ्या आठवणीत बाजरीच्या. आखाडातल्या दोन्ही मोठ्या ऑर्डरींनंतर तीन-चार दिवसांनी ती पडलेली. दसऱ्यानंतरची तशीच. श्रावणभर खानावळीची पाटी कोरी.

मावशींचा बाजरीवर जीव. रात्री उरलेली हाडं आणि काळ्या रश्श्यात कुस्करलेली भाकर त्या मागच्या ओट्यावर ठेवायच्या. आपल्याकडच्या रश्श्याचं वाटण म्हणजे काय ते खान्देशात कोणाला सांगायला नको : भाजलेला कांदा, सुकं खोबरं, मूठभर लसूण. आणि कांदा-लसूण मांजरीच्या तांबड्या पेशी फोडतो. तिचं हिमोग्लोबिन त्या बाबतीत फारच नाजूक असतं. किलोमागे 5 ग्रॅम कांदा पुरतो. म्हणजे तीन किलोच्या मांजरीला छोट्या कांद्याचा चतकोर. लसूण त्याहून जहाल. शिजवा, वाळवा, पूड करा, गुण तोच. आणि पेशी लगेच फुटत नाहीत, त्याला काही दिवस जातात. म्हणूनच आम्हाला कोणालाही कळलं नाही. ज्या रात्री मेजवानी, त्या रात्री मांजर मजेत.

पण हे नक्कीच कारण आहे का? डॉक्टर नक्की म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. रस्सा बंद आणि गोळ्या सुरू या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी झाल्या. कशानं गुण आला ते आता बाजरीलाच विचारावं लागेल. महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.8. वजन 3 किलो 140. माझ्या दूध-भाकरीलाही त्यांनी नापास केलं. मांजर मांसाहारी जात, तिला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य भाकरीत नसतं, दूधही बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही. आता आठवड्यातून चार दिवस कोंबडीचं आळणी शिजवलेलं काळीज, एरवी अंडं. उंदीर ती स्वतः बघते.

हिशोब : केस पेपर तीन वेळा 30, लॅब दोन वेळा 500, गोळ्या 96, सिरप 120, सुई 15. एकूण 761 रुपये.

कोणी लगेच ‘मग खासगीत जायचंच कशाला’ असं म्हणू नका. बोका असेल आणि शूला बसून बसून थेंब येत नसेल, तर या दवाखान्याच्या कुलपासमोर बसू नका. ते एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्री इथे कोणी नसतं. हाड मोडलं, पोटात काही अडकलं, तर जिल्ह्याच्या ठिकाणचा जनावरांचा मोठा सरकारी दवाखाना (सर्वचिकित्सालय) किंवा खासगी, जिथे यंत्रं आहेत तिथेच जा. दोन दिवस काहीच न खाल्लेली मांजरही थांबवून ठेवू नये, जाड असेल तर मुळीच नाही, लिव्हरवर चरबी चढते. माझ्यासारखं ‘होईल बरी’ म्हणत बसायचे दिवस तेवढे नशिबानं निभावले.

चैत्रात ती पुन्हा एक दिवस मलूल होती. रस्सा नाही, हिरडी गुलाबी, वजन जागेवर. दुसऱ्या दिवशी पोत्यांवर. डॉक्टर म्हणाले, लिहून ठेवा. लिहून ठेवलंय.

खानावळीच्या मावशी महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्या रश्श्यानं आजवर कोणी मेलं का, हा त्यांचा सवाल. आता वाटण पडायच्या आधी एक तुकडा बाजूला काढतात आणि ओट्यावर ठेवताना मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणतात, “घे, तुझं पथ्याचं!”

जाणार असाल तर सकाळी लवकर जा. दहानंतर बैल येतात.