ओआरएसची साधी पुडी: बाळाच्या जुलाब-तापाच्या चार दिवसांच्या अनुभवावरून लिहिलेला रिव्ह्यू

सगळ्यात आधी सांगते, पाच पैकी पाच स्टार. आणि हे स्टार कुठल्या एका कंपनीला नाहीयेत, आमच्याकडे नाशिकला तर कुठल्याही कंपनीची असली तरी सगळे तिला इलेक्ट्रलच म्हणतात. मी बोलतेय ती जुलाबात गेलेलं पाणी-मीठ भरून काढणाऱ्या, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलेल्या पावडरच्या पुडीबद्दल, जी मोठी घेतली तरी वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास येते आणि जी मागितली तर मेडिकलवाला खालच्या खणातून काढून देतो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या चिऊचं बोरन्हाण झालं. दहा महिन्यांची आहे. हलव्याचे दागिने, बोरं, चुरमुरे, सोसायटीतली पंधरा-सोळा पोरं आणि प्रत्येकाला तिला उचलून घ्यायचं होतं, खूप छान झाला कार्यक्रम. मंगळवारी रात्री अकराला तिने पहिली उलटी केली, मग एक, मग अजून एक, पहाटे चारपर्यंत चार झाल्या आणि सकाळी जुलाब सुरू झाले, अगदी पाण्यासारखे, आंबूस वास, डायपरमध्ये थांबतच नव्हते. थर्मामीटर लावला तर १०२.४. सासूबाई म्हणाल्या, अगं दात येतायत, दातांचे जुलाब असतात हे, आमच्या सगळ्या पोरांना झाले. त्यांचं प्रेम मला माहितीये पण नंतर डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं की दातांनी एवढा ताप आणि असे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत, हे इन्फेक्शन आहे, थंडीच्या दिवसांत ह्या व्हायरसचे पेशंट खूप येतात.

मिस्टर धावत मेडिकलमध्ये गेले आणि म्हणाले बाळाला ओआरएस द्या. तर त्यांना दिलं काय, सफरचंदाच्या फ्लेवरचा टेट्रा पॅक, स्ट्रॉ लावलेला. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, पण वाईट वाटलं, कारण माणूस लहान बाळासाठी मागतोय हे समोर कळत होतं. रात्रभर जागरण झालेलं, मीही न बघता दोन-तीन चमचे पाजले, तिने मिटक्या मारत घेतले कारण गोड होतं. मग मॅडमना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, बंद करा ते, पावडरची पुडी आणा.

कारण असं की पुडीच्या एक लिटर पाण्यात ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीला दीड ग्रॅमसुद्धा नाही. त्या पॅकच्या मागे साखरेचा आकडा वाचला तर त्याच्या कितीतरी पट. आणि आतड्यात साखर जास्त झाली की ती शरीरातलं पाणी उलटं आतड्यात ओढते, म्हणजे जुलाब वाढतात. आपण पाणी भरून काढायला देतोय आणि ते अजून बाहेर चाललंय. हैदराबादच्या बालरोगतज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष ह्या ह्याच गोष्टीसाठी कितीतरी वर्षं भांडत होत्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश काढला की फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायचा नाही. त्या बाईंचे उपकार आहेत आपल्यावर. पण पॅकवरून शब्द गेला तरी आपल्या तोंडातला आणि दुकानदाराच्या हातातला जायला वेळ लागणार, म्हणून मागतानाच "पावडरची पुडी, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" असं पूर्ण म्हणा आणि मागे वाचून घ्या: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, ग्लुकोज १३.५. एक लिटरसाठी. हे चार आकडे जुळले की झालं, कंपनी कुठलीही चालते.

आता पुडी वापरताना काय होतं ते सांगते कारण खरी गडबड इथेच होते. दोन साइज येतात. मोठी साधारण २१ ग्रॅमची एक लिटरसाठी, आणि छोटी चार-साडेचार ग्रॅमची २०० मिलीसाठी. मिस्टरांनी मोठी आणली होती आणि घाईत ग्लासभर पाण्यात अर्धी ओतायला निघाले होते, मी हात धरला. तसं केलं की मीठ प्रमाणाबाहेर जातं आणि ते बाळाला खरंच धोक्याचं आहे. पुडी पूर्ण फोडायची, पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अंदाजाने तांब्या-भांडं नाही तर ज्याच्यावर लिटर लिहिलंय अशा बाटलीने मोजून. मिसळल्यावर परत उकळायचं नाही, वरून साखर, दूध, ज्यूस काही घालायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. एवढुशा बाळाला लिटरभर लागतच नाही त्यामुळे आमचं पहिल्या दिवशी बरंच फेकलं गेलं, म्हणून मी म्हणेन छोटी पुडी घ्या, ताजं ताजं करा. माझी एकच तक्रार आहे, साइज आणि पाण्याचं प्रमाण इतक्या बारीक अक्षरात असतं की रात्री तीनला मोबाइलचा टॉर्च लावून वाचावं लागलं. पाण्याचा आकडा पुडीवर सगळ्यात मोठा पाहिजे.

चव खारट-गोड, अश्रूंसारखी. चिऊने पहिल्या चमच्याला तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला जीभ बाहेर काढून चाटून बघितलं, आणि तिसऱ्यापासून चमच्यामागे मान पुढे करायला लागली. मॅडम म्हणाल्या, तहान लागलेलं बाळ घेतं, आणि ते घेतंय हे चांगलं लक्षण आहे. कशाने पाजायचं हा मोठा प्रश्न होता. सासूबाईंनी चांदीचं बोंडलं काढलं पण त्यातून एकदम धार येते आणि पोटात भसकन गेलं की उलटी. चमच्याने अर्धं गळ्यावर सांडत होतं. शेवटी ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज, गालाच्या आतल्या बाजूला टोक ठेवून थोडं थोडं ढकलायचं, मध्ये तिला गिळू द्यायचं. पाच रुपयांची वस्तू पण तिच्याशिवाय आमचं जमलं नसतं. आणि तिने मोजमाप पण होतं, दर दोन मिनिटांनी ५ मिली म्हणजे तासाला दीडशे मिली गेलं, हा हिशोब डोक्यात असला की भीती कमी होते. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू, पण अजून हळू. आणि प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन वर्षांखालच्या बाळाला एवढं. आपण काय करतो, उलटी झाली की म्हणतो पोटाला विश्रांती देऊ आणि सगळं बंद करतो. तसं करू नका. अंगावरचं दूध तर अजिबात बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा.

बुधवारची रात्र मी विसरणार नाही. दोन वाजता लक्षात आलं की ती रडतेय पण डोळ्यात पाणी नाहीये. टाळूवर हात ठेवला तर थोडी खोल लागली. शू शेवटची कधी झाली तेच कळेना कारण जुलाब इतके पातळ की डायपर सगळाच ओला. मग सासूबाईंनीच सुचवलं, डायपरमध्ये पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेव, तो ओला झाला आणि पिवळा नसला की शू. माझ्या हिशोबाने सहा तास झाले होते. मॅडमना फोन लावला, त्यांनी विचारलं, हाक मारल्यावर बघते का, सिरिंज जवळ नेली की तोंड उघडते का, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट होते का. तिन्ही हो होतं. म्हणाल्या, आता एक तास घड्याळ लावून पाजा, एकही चुकवू नका, आणि प्यायचं सोडलं, सुस्त पडली, उलट्या थांबेनात किंवा संडासात रक्त दिसलं तर मला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल. बॅग भरून दाराशी ठेवली. मिस्टर मोबाइलवर दोन-दोन मिनिटं मोजत होते, मी सिरिंज भरत होते, सासूबाई मांडीवर घेऊन बसलेल्या, कोणी एक शब्द बोलत नव्हतं. पावणेचारला बोळा ओला निघाला. सासूबाईंनी तो दिव्याखाली धरून बघितला आणि देवघरात जाऊन हात जोडले. मला तिथेच रडू आलं.

नंतर वाचलं मी ह्याच्याबद्दल. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, बंगालमध्ये बनगावला, सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये भरून दिलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे घरच्यांनीच वाचवलं आपल्या माणसांना. २०२२ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जुलाबात आतडं कितीही बिघडलं तरी ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत घ्यायचा रस्ता चालू राहतो आणि त्यांच्यामागे पाणी जातं, एवढी साधी गोष्ट आहे. नुसतं पाणी दिलं तर मीठ भरून निघत नाही, नुसती साखर दिली तर वर सांगितलं तसं होतं. दोन्ही प्रमाणात लागतं.

तापाचं थोडक्यात. पॅरासिटामॉलचा डोस मॅडमनी वजनावर काढून दिला आणि एक गोष्ट बजावून सांगितली, ड्रॉप्स आणि सिरप एक नाही. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, आमच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२०. घरात दोन्ही बाटल्या होत्या, मी ड्रॉप्सची लगेच वेगळ्या कपाटात ठेवली. गार पाण्याच्या पट्ट्या नको म्हणाल्या, कोमट पाण्याने अंग पुसा आणि स्वेटर-टोपरं काढा, थंडीच्या नादात आम्ही तिला तापात गुंडाळून ठेवलं होतं. अँटिबायोटिक लिहिलंच नाही, आणि जुलाब बंद करायचं औषध एवढ्या बाळाला कधीच देऊ नका म्हणाल्या. ह्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो कारण घाबरलेल्या आईबापांना काहीतरी लिहून देणं सोपं असतं.

दुसरी वस्तू जिला मी पूर्ण स्टार देईन ती झिंक. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे, त्याने आतडं भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब व्हायची शक्यता कमी होते. सिरपची चव तुरट, धातूसारखी, चिऊला अजिबात आवडली नाही, जेवणानंतर दिलं तर उलटी होत नाही. माझी मावसबहीण दिंडोरीकडे खेड्यात असते, तिला आशाताईंनी ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या घरी आणून दिल्या होत्या, फुकट, चमचाभर दुधात विरघळणाऱ्या. त्यामुळे विकत घ्यायची ऐपत नाही म्हणून कोणी थांबू नका, अंगणवाडीत नाहीतर आरोग्य केंद्रात विचारा. आणि पुडी हातात येईपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, चमचे सपाटच, शीग नको.

खाण्यात पेज, मऊ वरणभात, केळं, जे घेईल ते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी केलेली पेज तिने वाटीभर खाल्ली आणि परत मागितली. रोटाव्हायरसची लस तिला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची तिन्ही मिळाली होती, मॅडम म्हणाल्या हा रोटा असेल किंवा दुसरा कुठला व्हायरस पण लस झाली नसती तर रोटा अजून जोरात येऊ शकतो, तेव्हा कोणाची राहिली असेल तर आजच विचारा. लसीला वयाची मर्यादा असते, नंतर देत नाहीत. हात मात्र साबणानेच धुवा, हे व्हायरस सॅनिटायझरला नीट मरत नाहीत. आम्ही दोन दिवस सॅनिटायझरवर होतो आणि शुक्रवारी मिस्टरांना पण सुरू झालं. त्यांनीही तीच पुडी प्यायली.

काल झिंकचा चौदावा दिवस झाला. चार छोट्या पुड्या, सिरिंज आणि थर्मामीटर एका डब्यात घालून फ्रिजवर ठेवलंय, आणि डब्याच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय: १ पुडी = २०० मिली.