बेससाठी अठरा इंची कॅबिनेट घेताय? आधी जाळी काढायला लावा

इंदुरात बेस गिटार वाजवणारे मोजकेच. त्यामुळे बेससाठी बनवलेलं कॅबिनेट (स्पीकर बसवलेला डबा) सेकंडहँड बाजारात क्वचितच येतं, आणि आलंच तर विकणारा सांगेल ते खरं मानायचं, अशी परिस्थिती. देवास नाक्याकडच्या एका गोडाऊनवाल्याने मला बत्तीस हजारांना एक डबा विकला. त्यात काय निघालं ते सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव वकिलाने लिहू नका म्हणून सांगितलंय, तेव्हा ते विचारू नये.

आमचा ग्रुप जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम करतो. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इकडची गणेशोत्सवाची मंडळं, कोजागिरी, कुणाची साठी, कुणाची पंच्याहत्तरी. माझ्याकडे चार ओहमवर ५०० वॉट देणारं क्लास डी हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आहे आणि दोन दहा इंची स्पीकरचं आठ ओहमचं कॅबिनेट. हॉलमध्ये तेवढं पुरतं. उघड्या मांडवात मात्र ढोलक आणि ऑक्टोपॅडपुढे बेस विरून जातो. म्हणून जोडीला खालच्या सुरांसाठी एक मोठा डबा शोधत होतो.

मोठ्या एकाच स्पीकरचं आकर्षण आम्हा लोकांना असतंच, आणि त्याला कारणही आहे. फेंडर कंपनीचा १९५२चा पहिला बेसमन ॲम्प एकाच पंधरा इंची स्पीकरवर चालायचा. ॲम्पेग कंपनीचा बी-१५ १९६० साली आला, त्यातही पंधरा इंचीच. बेसवादक जेम्स जेमरसन क्लबात तो वापरायचा. दुसरा बेसवादक जॅको पास्टोरियस ज्या अकूस्टिक ३६० ॲम्पवर वाजवायचा, त्याच्या कॅबिनेटमध्ये अठरा इंची स्पीकर होता, तोही घडी घातलेल्या हॉर्नमध्ये. पण ॲम्पेगनेच १९६९मध्ये एसव्हीटी काढला तेव्हा त्याच्या कॅबिनेटमध्ये आठ-आठ दहा इंची बसवले. चार दहा इंची कोनांचं (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यांचं) क्षेत्रफळ मिळून साधारण १,४०० चौरस सेंटिमीटर होतं, एका अठरा इंचीचं १,२००च्या आसपास. म्हणजे 'अठरा' हा आकडा ऐकून जितकं भारावून जायला होतं, तितकं त्यात काही नाही. आपल्याकडे हा आकडा डीजेवाल्यांनी मोठा केला. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे मिरवणुकीत, ज्याच्या गाडीवर अठराचे डबे जास्त, त्याची कॉलर ताठ.

जाहिरातीत लिहिलं होतं: बेस गिटार कॅबिनेट, इम्पोर्टेड, १८ इंच, ८०० वॉट आरएमएस, ८ ओहम. (आरएमएस म्हणजे स्पीकरला सतत झेपणारी ताकद.) मागच्या जॅकच्या पाटीवर हेच आकडे छापलेले, छपाई अगदी सुबक. एका हॉटेलचा बँड बंद पडला, त्यांचा माल आहे, अशी कथाही होती. "भिया, मांडव हिल जाएगा," हे त्याचं पहिलं वाक्य.

त्याने आवाज कसा ऐकवला ते नीट वाचा, कारण खरी कारागिरी तिथेच होती. डबा गोडाऊनच्या कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवून ठेवला होता. जमीन आणि दोन भिंती मिळून खालचा आवाज फुगवतात, डबा कोणताही असो. मग त्याने फोनवरून डीजेचं एक गाणं लावलं आणि पत्रे थरथरले. मी गिटार आणली होती, पण माझं हेड त्याने जोडू दिलं नाही. "आपका रहने दो, ये वाला सेट है," म्हणत स्वतःच्या मिक्सर-ॲम्पला गिटार लावली. ट्रेबल शून्यावर, बेसचं बटण टोकाला. मी ई तार छेडली की नुसतं पोटात जाणवायचं. वरच्या फ्रेटवर जायला लागलो की हा मध्येच बोलायला लागायचा, आवाज कमी करायचा, कुणाला तरी चहा आणायला पाठवायचा. जाळीमागे काळा फोम होता, त्यातून स्पीकर दिसत नव्हता. पुढच्या पोर्टमधून, म्हणजे हवेसाठीच्या भोकातून, टॉर्च मारायला मात्र त्यानेच सांगितलं. आत ताटलीएवढा काळा मॅग्नेट दिसला. डबा उचलायला दोघे लागले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल में जीएसटी अलग लगेगा." मग अर्धे यूपीआयने, अर्धे रोख, बिलाऐवजी व्हॉट्सॲपवर 'माल ओके' असा मेसेज.

गणपतीतल्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला हेडचा लाल दिवा लागला आणि बेस गप्प झाला. बंद करून चालू केलं, आवाज उतरवला, तरी तेच. जेवढा वेळ चालला तेवढा वेळही नुसतं ढब्ब-ढब्ब. कोमल गंधार लावलाय की शुद्ध, ते मलाच कळेना. गायिका दर कडव्याला मागे वळून बघत होती. शेवटी नवा डबा काढला आणि जुन्या दहा इंचीवरच कार्यक्रम उरकला.

हेड का बंद पडत होतं ते दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरने सांगितलं. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, चार ओहमचा सव्वातीन-साडेतीन. पाटीवर आठ लिहिलेल्या या डब्याने दाखवले ३.४. आठ आणि आठ समांतर जोडले की चार होतात, माझ्या हेडला तेवढं चालतं. आठ आणि चार जोडले की होतात २.६७, आणि हेडची किमान मर्यादा चार. त्यात संरक्षक सर्किट होतं म्हणून वाचलं. जुन्या पद्धतीचा एखादा ॲम्प असता तर ट्रान्झिस्टर उडाले असते आणि वर तोही भुर्दंड.

जुन्या इंदुरात स्पीकरच्या कॉइल बदलून देणारे एक बुजुर्ग मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे डबा नेला. जाळीच्या स्क्रूच्या खाचांत काळा रंग भरला होता, पेचकस बसेना. चाचांनी दाभणाने एकेक खाच कोरून काढली. जाळी निघाली, फोम निघाला. आत अठरा इंची भोकावर प्लायची गोल रिंग बसवलेली, कडेने सिलिकॉन, वरून काळा रंग, आणि त्या रिंगवर पंधरा इंची स्पीकर. चाचांनी तो बाहेर काढला आणि एका हाताने उचलून माझ्याकडे दिला. तेवढ्याने मला समजायला हवं ते समजलं. मॅग्नेटवर रबरी टोपण होतं, कारच्या वूफरला असतं तसं. ते सोलल्यावर आत तळहातात मावेल एवढा मॅग्नेट. कॉइल दोन इंची. अठरा इंचीच्या चांगल्या स्पीकरला तीन-चार इंची कॉइल असते. ८०० वॉटची उष्णता या कॉइलला झेपणं शक्यच नाही.

मग एवढा जड कसा? चाचांनी आत हात घातला आणि हसायलाच लागले. तळाला लोखंडी पट्टीने आवळलेला लाल पेव्हर ब्लॉक, फुटपाथवर बसवतात तो, खडखडू नये म्हणून खाली जुन्या गादीचा फोम. "अठारह का मैगनेट भारी होता है ना साहब, तो वजन भी तो देना पड़ेगा."

जॅकच्या पाटीमागे तांब्याच्या जाड तारेची गुंडाळी निघाली, म्हणजे क्रॉसओव्हर. तेव्हा सगळा उलगडा झाला. डबा मुळात डीजेचा सब-वूफर. त्याचा खरा अठरा इंची जळाला असणार, मग स्वस्तातला पंधरा इंची बसवून, पाटी छापून 'बेस गिटार कॅबिनेट' केला. सबचा क्रॉसओव्हर शंभर-दीडशे हर्ट्झच्या वरचा आवाज छाटतो. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, मोकळी जी ९८ची, आणि जी तारेवरचा बाराव्या फ्रेटचा सूर १९६ हर्ट्झ. म्हणजे वरचे सूर मुळातच कापले जाणार. शिवाय खालच्या ई मध्येसुद्धा आपला कान सूर ओळखतो तो बराचसा ८२ आणि त्यावरच्या उपस्वरांवरून. बोटाचा किंवा पिकचा टणत्कार तर हजार हर्ट्झच्या वर जातो. ते सगळं कापलं की उरतं ढब्ब. डीजेच्या गाण्यात ती उणीव जाणवत नाही, कारण सबकडून तिथे तेवढीच अपेक्षा असते. म्हणून त्याने गाणं ऐकवलं.

पोर्टही मूळच्या स्पीकरच्या हिशोबाने कापलेले होते. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खाली आतली हवा कोनला आवर घालत नाही, कोन सैल सुटतो आणि कॉइल मागे आपटते. म्हणून ई वर फडफड. नुसता स्पीकर बदलून भागलं नसतं, पेटीच नव्याने जुळवावी लागली असती.

गोडाऊनवाल्याकडे गेलो तर आधी ओळखच नाही. मग "आपके एम्प ने उड़ाया होगा". पेव्हर ब्लॉकचा फोटो दाखवला तर म्हणे, "वो तो बैलेंस के लिए रहता है." हे उत्तर देताना त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, ते मात्र मानलं.

जे घ्यायला निघाले आहेत त्यांनी सोबत स्वतःचं हेड, मल्टिमीटर, टेप, पेचकस आणि नऊ व्होल्टची बॅटरी न्यावी. विकणारा जाळी काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा, पुढे काही बघूच नका. फ्रेमचा बाहेरचा व्यास टेपने मोजा: अठरा इंचीचा सुमारे ४६ सेंटिमीटर, पंधरा इंचीचा ३८-३९. दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी ठेवून हलकेच आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासतेय. बॅटरी क्षणभर लावली की कोन सरळ बाहेर किंवा आत गेला पाहिजे, तिरका नाही. डबा भिंतीपासून चांगला लांब ओढायला लावा, सगळी बटणं मध्यावर, आणि मोकळ्या ई पासून जी तारेच्या बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवा. मध्येच आवाज खचला तर आत क्रॉसओव्हर आहे. जॅकची पाटी चार स्क्रूंची असते. ती उघडून मागे बघायला पाच मिनिटं लागत नाहीत.

वॉटच्या आकड्याला फार भुलू नये. 'प्रोग्रॅम' म्हणून छापलेला आकडा सहसा आरएमएसच्या दुप्पट असतो, 'पीक' चौपट, आणि पीएमपीओ म्हणजे निव्वळ थाप. खरा आरएमएस दुप्पट केला तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहाएक डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटवर तो किती डेसिबल वाजतो, ते विचारा. ९७ डेसिबलवाला २५० वॉटवर जेवढा वाजेल, तेवढंच वाजायला ९४वाल्याला ५०० लागतील. 'संवेदनशीलता' विचारल्यावर विकणारा गोंधळला तर गोंधळू द्या.

पैशांचं असं झालं. व्यापाऱ्याने सदोष माल विकला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. घरगुती विक्रेत्याकडून घेतलं असेल तर हा रस्ता नाही, ते लक्षात असू द्या. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलाकडून नोटीस पाठवली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि तो 'माल ओके' मेसेज सोबत जोडला. रोख दिलेल्याचा पुरावा नव्हता, त्याने बरोबर तेच धरलं. शेवटी यूपीआयचे सोळा हजार परत आले, बदल्यात डबा त्याला दिला. आयोगापर्यंत जाऊन उरलेले काढता आले असते, पण वकिलाची फी धरून हिशोब जमेना.

तोच डबा पुन्हा विक्रीला लागला आहे. फोटोत ओळखायचा तर: काळा, उजवीकडचा खालचा लोखंडी कोपरा गायब, डाव्या हँडलखाली आडवा ओरखडा, आणि जाळीच्या स्क्रूंवर चाचांनी दाभणाने कोरलेल्या चकचकीत खाचा. पाटी नवी लावली आहे, तिच्यावर आता १,००० वॉट छापलंय. किंमत अठ्ठावीस सांगतोय.