एनएएबीची यादी: विद्यापीठाचं नाव नको, पदवीची ओळ वाचा

अमेरिकेत आर्किटेक्टचं लायसन्स काढायचं तर पहिला मुक्काम एनएएबीच्या, म्हणजे तिथल्या आर्किटेक्चरच्या पदव्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, यादीत. संस्था १९४० पासूनची, यादी फुकट बघता येते. भरवशाची आहे, पण घाईत वाचणाऱ्याला हमखास चकवते.

मान्यता मिळते ती एकेका पदवीला, विद्यापीठाला नाही. त्यातही बी.आर्क., एम.आर्क. आणि डी.आर्क. एवढ्या तीनच. चार वर्षांची, 'प्री-प्रोफेशनल' म्हणवली जाणारी बी.एस. इन आर्किटेक्चर कितीही बड्या ठिकाणची असो, ती यात येत नाही. तिच्यावर साधारण दोन वर्षांचं मान्यताप्राप्त एम.आर्क. करावं लागतं.

खरी मेख एम.आर्क.मध्येच आहे. यादीत 'एम.आर्क.'पुढे 'प्री-प्रोफेशनल पदवी अधिक ६० क्रेडिट' अशा धाटणीचा मजकूर असतो. तो अख्खा वाचा. त्याच इमारतीत चालणारं पोस्ट-प्रोफेशनल एम.आर्क. (आधीच बी.आर्क.सारखी व्यावसायिक पदवी असलेल्यांसाठीचं) या मान्यतेत बसत नाही, आणि भारतातून बी.आर्क. करून जाणारे अनेकदा नेमके त्यालाच अर्ज करतात. सर्टिफिकेटवर अनेकदा दोन्हीकडे एम.आर्क.च! प्रवेश कार्यालयाला ईमेलवर सरळ विचारा: 'हा ट्रॅक एनएएबी-मान्य आहे का?' 'आमचं स्कूल मान्यताप्राप्त आहे' असं आलं, तर प्रश्न पुन्हा पाठवा.

यादीत पदवीपुढे 'कँडिडसी' असेल तर ती मान्यतेच्या वाटेवर आहे, अजून मान्यता नाही. शिक्षण संपल्यापासून दोन वर्षांच्या आत ती मिळाली तर एनकार्ब (राज्यांच्या लायसन्स बोर्डांची संघटना) पदवी धरतं. हुकली तर भुर्दंड विद्यार्थ्याला.

परदेशी पदवी तपासून घ्यायची तर ईईएसए ही मूल्यमापन सेवा. तीही एनएएबीच चालवते. ट्रान्स्क्रिप्टबरोबर प्रत्येक विषयात काय शिकवलं त्याचं वर्णनही लागतं. जुना सिलॅबस नंतर परदेशातून मागवत बसणं जिकिरीचं, म्हणून निघण्याआधीच शिक्क्यासह गोळा करा. अहवालात कमी दाखवलेले विषय वेगळे करून भरता येतात.

मान्य पदवी हातात आली म्हणजे लायसन्स आलं असं मात्र नाही. एएक्सपीचे, म्हणजे नोंदवलेल्या कामाच्या अनुभवाचे, ३,७४० तास आणि एआरई या लायसन्स परीक्षेचे सहा पेपर सहसा चुकत नाहीत. उलट कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मान्य पदवी नसली तरी वाढीव अनुभवावर लायसन्स मिळू शकतं. पुढे दुसऱ्या राज्यात ते चालवायला गेलं की तिथलं बोर्ड पदवीच मागू शकतं. म्हणून फी भरण्याआधी, जिथे काम करायचंय त्या राज्याच्या बोर्डाचे नियम उघडून बघा.